बाराचा समुद्र

सोलापूरच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याला समुद्र मिळाला तो एका टिचकीनं. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारचे दोन तालुके 'समुद्र मुळात आमचाच' म्हणत मोर्चा आणतील. एवढं सांगतो की तिथं माणसाची घागर भरली तर मेंढराचं तोंड कोरडं राहतं, आणि मासा बघायचा तर सोमवारच्या बाजारात, बर्फाच्या पेटीत बघावा लागतो.

झालं असं की हिवाळ्यात हवा अचानक बिघडली तर लोकांना आधी कळावं, असं वर कुणाच्या तरी मनात आलं. मनात आलं की पोर्टल येतं, तसं तेही आलं. ते मूळचं कुठल्यातरी दूरच्या बर्फाळ देशातल्या बंदरासाठी बनवलेलं होतं. एका ठेकेदारानं ते स्वस्तात उचललं, मराठीचा हात फिरवला आणि तालुक्यांना वाटून टाकलं. आता प्रत्येक कचेरीनं एकदाच आपली माहिती भरायची, मग दर दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला पुढच्या सहा तासांचा अंदाज टाकायचा, आणि तो नोंदवलेल्या लोकांच्या मोबाईलवर आपोआप जायचा.

माहिती भरायचं काम आलं गुरुशांतकडे. गुरुशांत त्या कचेरीत अव्वल कारकून. हल्ली पदाचं नाव बदलून लांबलचक केलंय, पण टेबल तेच आहे आणि त्याचा एक पाय अजून विटेवरच आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत गुरुशांत एक गोष्ट पक्की शिकला होता. कागदावर 'नाही' लिहिलं की वरून खुलासा मागतात. 'होय' लिहिलं की कुणी काही विचारत नाही. त्यामुळे रकाना दिसला की त्याचा हात आपोआप 'होय'कडे वळायचा. ही एकट्या गुरुशांतची खोड नव्हती, ती कचेरीची रीत होती आणि तिच्यावर कचेरी सुखानं चालली होती.

पोर्टलनं विचारलं, तुमच्याकडे मोठा पाणीसाठा आहे का? गावाबाहेर तळं होतं. होय. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो का? मागच्या डिसेंबरात एका पहाटे नऊ पूर्णांक सहा झाला होता आणि पेपरात बातमीही आली होती. होय. पाण्याच्या कडेला राहून पोट भरणारे लोक आहेत का? तळ्यावर मेंढरं येतात, म्हशी येतात, धुणं येतं. होय. पोर्टलनं क्षणभर चक्र फिरवलं आणि निळ्या अक्षरांत निकाल दिला: आपल्या तालुक्याचा वर्ग, शीत किनारपट्टी.

गुरुशांतनं दुरुस्तीचा अर्ज केला, नाही असं नाही. आठवड्याभरानं उत्तर आलं की वर्ग बदलून हवा असल्यास बंदर अधीक्षकांचा ना हरकत दाखला जोडावा. ते घेऊन तो नायब तहसीलदार शहाजीरावांकडे गेला. शहाजीरावांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले की अप्पा, राहू दे की, समुद्र काय आपल्याकडं जेवायला येतोय का.

तेव्हापासून दिवसातून दोनदा गुरुशांत समुद्राचं भविष्य सांगू लागला. मजकूर स्वतः लिहायची सोय नव्हती, तयार वाक्यांतून निवडायचं होतं. लाटेची उंची, भरतीची वेळ, बर्फाचा थर, गोठणारे तुषार, होड्यांना सल्ला. रकाना मोकळा सोडला तर लाल व्हायचा, शून्य टाकलं तरी लाल व्हायचा. मग गुरुशांत लाट अर्धा मीटर धरायचा, कुणाला इजा होऊ नये एवढीच. बर्फाचा थरही असाच बेताचा. भरतीच्या वेळा त्यानं सोलापूरच्या एस.टी.च्या वेळांवर बसवल्या होत्या, म्हणजे पाठ करायला नको. वारा मात्र तो खिडकीतून समोरच्या झेंड्याकडे बघून खराच लिहायचा. सगळंच खोटं लिहिणं त्याच्या जिवावर येई.

आता अंदाज बरोबर आला की चुकला, हे कोण ठरवणार? तेही गुरुशांतच. सहा तासांनी 'प्रत्यक्षात काय घडले' हा रकाना उघडायचा आणि त्यात तो जे सांगितलं होतं तेच भरायचा. अर्धा मीटर सांगितली, अर्धा मीटर आली. असा शब्दाला जागणारा समुद्र उभ्या जगात दुसरा नसेल. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होमाच्या दिवशी वासरापुढे धान्य, गूळ, पान-सुपारी ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं यावरून वर्षाची भाकणूक सांगतात. गुरुशांत लहानपणापासून ती बघत आलेला. तिथं निदान वासराला खरोखर भूक लागलेली असते, असं एकदा त्याच्या मनात आलं आणि त्याला जेवण गोड लागलं नाही.

पण जानेवारीत जिल्ह्याहून पत्र आलं. अचूकता शंभर टक्के, सलग दोन महिने. मार्चअखेर ती टिकली तर एक मेला सोलापुरात सत्कार आणि सत्कारमूर्तीची बदली सोलापुरातच, मुख्यालयात. हे वाचून गुरुशांतला जेवण पुन्हा गोड लागू लागलं. त्याचं घर सोलापुरात, बाळीवेशीजवळ. सहाचा अंदाज टाकून तो साडेसहाची गाडी धरायचा. ती वाटेत सतरा ठिकाणी थांबत साडेआठ-नऊला घरी सोडायची. तोवर त्याची मुलगी वैष्णवी झोपलेली असायची. पहिलीतली पोर, सकाळी तो निघायचा तेव्हाही झोपलेलीच. बायको दाक्षायणी एकदा म्हणाली होती की पोरीनं शाळेत बापाचं चित्र काढलंय ते पाठमोरं काढलंय. ते चित्र गुरुशांतला काट्यासारखं टोचत होतं. बदली हवी होती ती त्यासाठी.

नोंदवलेल्या मच्छीमारांचीही गंमत ऐकण्यासारखी आहे. पोर्टलला चारशे मच्छीमारांचे नंबर हवे होते. गुरुशांतनं कोतवाल कोंडिबाला सांगितलं की तळ्याच्या पाण्याजवळ जो दिसेल त्याचा नंबर आण. कोंडिबा हुकमाचा पक्का, त्यानं तीन दिवस तळ्यावर बसून चारशे बारा नंबर आणले. त्यातले बरेचसे मेंढपाळ धनगरांचे, काही म्हशीवाल्यांचे, दोन-चार कपडे धुणाऱ्या बायकांचे. नावाच्या जागी पोर्टल होडीचं नाव मागत होतं, म्हणून गुरुशांतनं होडी एक, होडी दोन असं करत होडी चारशे बारापर्यंत मजल मारली. कुठली होडी कुणाची हे त्यालाही माहीत राहिलं नाही.

डिसेंबरात पोर्टलनं किनाऱ्याचा फोटो मागितला तेव्हा गुरुशांत कोंडिबाच्या फटफटीवर मागं बसून तळ्यावर गेला. लाट हवी म्हणून कोंडिबानं पाण्यात धोंडा टाकला आणि यानं चटकन फोटो काढला. एवढ्यात एक धनगरीण काठी टेकत आली. पन्नाशी ओलांडलेली, कपाळभर भंडारा, गळ्यात पिशवीतला बटणांचा मोबाईल. तिनं कोंडिबाला विचारून घेतलं की मेसेज सोडणारा सायब तो ह्योच का, आणि मग गुरुशांतला धारेवर धरलं.

"परवा तुमी बाराचा मेसेज साडेबाराला सोडला. हितं आमची डोकी फुटायची येळ आली हुती."

ती मायाक्का. तिच्या बोलण्यातून गुरुशांतला हळूहळू उलगडा झाला. तळ्याचा उतार एकच, कळप अकरा. पाण्याला आधी कुणी जायचं यावरून दरसाल भांडणं, काठ्या, पोलीस ठाणं. सूर्य बघून वेळ ठरवावी तर प्रत्येकाचा सूर्य स्वतःच्या सोयीनं डोक्यावर येणार. या हिवाळ्यात मात्र बाराच्या ठोक्याला माळावरचे सगळे मोबाईल एकदम वाजू लागले. सरकारी ठोका, त्याच्याशी कोण हुज्जत घालणार? देवापुढं चिठ्ठ्या टाकून त्यांनी पाळी लावली. मोबाईल वाजला की आधी मायाक्काचा कळप, तो निघाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. दोन महिन्यांत एकही भांडण झालं नव्हतं. मेसेजमध्ये काय लिहिलेलं असतं हे अकरांपैकी एकाही कळपवाल्यानं वाचलं नव्हतं. मायाक्काला तर वाचता येत नव्हतं, आणि तिचा नवरा बिरुदेव एकदा नातवाकडून वाचून घेऊन दिवसभर हसत बसला होता.

बावीस वर्षांत गुरुशांतच्या हातून निघालेल्या एखाद्या कागदाचा कुणाला उपयोग झाल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं यापुढं मिनिटाचाही उशीर होणार नाही असा शब्द दिला. मायाक्काचा सरकारी शब्दावर विश्वास नव्हता. तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला आणि दोनच्या बटणावर त्याचा नंबर टाकायला लावला, म्हणजे बारा चुकला की तिला लगेच बोलता येईल. त्यानं टाकला. तिचा नंबर घ्यायचं मात्र त्याला सुचलं नाही, आणि पुढं तो कधी चुकलाच नाही, म्हणून तिचा फोनही कधी आला नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी हवा विचित्र झाली. सकाळपासून उकडत होतं आणि पश्चिमेकडं तांबूस-काळं भरून आलं होतं. गुरुशांतनं बाराला नेहमीचा अंदाज टाकला, समुद्र शांत, लाट अर्धा मीटर, आणि डबा उघडला. पावणेदोनला त्याचा मेहुणा मल्लिनाथ याचा फोन आला. मल्लिनाथचं नातेपुत्यात खताचं दुकान. तो नुसता ओरडत होता आणि मागून पत्र्यावर दगडफेक चालल्यासारखा आवाज येत होता. लिंबाएवढ्या गारा पडताहेत, समोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या काचा गेल्या, बाजारात बांधलेली दोन शेरडं जागच्या जागी मेली, आणि ढग तुमच्याच बाजूला सरकतोय, असं त्यानं सांगितलं आणि फोन कट झाला.

गुरुशांतनं बोटांवर हिशेब केला. नातेपुत्याहून इथवर यायला ढगाला दोन तास, फार तर सव्वादोन. म्हणजे पावणेचार-चार. त्या वेळी अकराही कळप पाणी पिऊन उघड्या माळावर असतात, आणि हा मेंढ्या विण्याचा हंगाम. सकाळीच कोंडिबा सांगत होता की एकट्या मायाक्काच्या एकशेचाळीस मेंढ्यांत आठवड्याभरात सव्वीस कोकरं झालीत. माळावर झाड म्हणून नव्हतं. आडोसा एकच, दीड-दोन किलोमीटरवर नव्या हायवेच्या पुलाखालचे दोन बोगदे.

फोन करावा तर करायचा कुणाला? होडी एकला की होडी चारशे बाराला? तरी त्यानं चार नंबर फिरवून बघितले. दोन बंद लागले, एक म्हैसवाला निघाला आणि एक बाई 'मला कसलं कर्ज नको' म्हणून ठेवून मोकळी झाली. कोंडिबा टपाल घेऊन सोलापूरला गेलेला. राहता राहिलं पोर्टल. त्यात अवेळी तीव्र इशारा सोडायचं लाल बटण होतं, पण ते दाबलं की वेळेची शिस्त मोडल्याचे गुण कापले जात, बाराचा अंदाज आपोआप चुकीचा ठरे आणि शंभर टक्के संपत.

तो शहाजीरावांकडे गेला. शहाजीरावांनी खिडकीतून आभाळ बघितलं, स्वतःची गाडी शेडखाली घ्यायला शिपायाला पिटाळलं आणि मग त्याला बसवून समजावलं. माणूस वाईट नव्हता. आपल्या हाताखालच्या कारकुनाची बदली व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"अप्पा, सहापर्यंत बाराचा अंदाज दुरुस्त करता येतो ना? मग गारा पडू देत. पडून गेल्या की दुरुस्ती टाक, गारपीट होणार म्हणून. चुकायचा प्रश्नच येत नाही."

पण दुरुस्तीचा मेसेज जात नाही, असं गुरुशांत म्हणाला. शहाजीराव म्हणाले, तेच तर, मेसेज जात नाही म्हणून गुणही जात नाहीत.

गुरुशांत टेबलावर परत आला. सल्ला चोख होता, नियमात बसणारा होता. त्यानं स्वतः दुसऱ्या कुणाला हाच दिला असता. वैष्णवीचं ते पाठमोरं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं. एक महिना, फक्त एक महिना राहिला होता. मग कोकरं आठवली. चार दिवसांचं कोकरू आणि लिंबाएवढी गार, एवढं सोपं गणित होतं ते. घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती. गुरुशांत मोठ्यानं, कुणी नसताना, 'गेली बदली' असं म्हणाला आणि त्यानं लाल बटण दाबलं. तयार वाक्यांत गारपीट नव्हतीच. जे सगळ्यांत जहाल होतं ते त्यानं निवडलं: गोठणारे तुषार व प्रचंड लाटा, लहान होड्यांनी तात्काळ बंदर गाठावे. चारशे बारा मोबाईलना मेसेज गेला.

मग तो फोनकडे बघत बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली. अनोळखी नंबर वाजला तसा त्यानं तो उचलला.

"सायब," पलीकडून मायाक्का कडाडली, "आज बारा दोनदा वाजलं. समदी कळपं उलटी फिरून तळ्याला निगाल्यात. तुमाला घड्याळ हाय का न्हाय?"

गुरुशांतच्या अंगात जीव आला. "मायाक्का, मी मुद्दाम वाजवला. लिंबाएवढ्या गारा येताहेत, नातेपुत्याकडनं. चारच्या आत सगळी मेंढरं पुलाखाली घाला. सगळ्यांना सांगा."

तिनं आभाळाकडं बघितलं असावं. एवढ्या दिवसांत समुद्र शांत असल्याचं सांगणारा हा माणूस आज खरं बोलतोय की नाही, हे तिनं कशावरून ठरवलं देव जाणे. तिनं एवढंच विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं, सरकारनं का मानसानं?"

"माणसानं. माझ्या मेहुण्यानं, डोळ्यांनी बघून."

"मग व्हय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुढचं गुरुशांतला नंतर कळलं. अवेळी वाजलेल्या ठोक्यानं अकराही कळप तळ्याच्या वाटेवर एकत्र येत होते, त्यामुळे मायाक्काला माळभर कुणाला शोधायला जावं लागलं नाही. तिनं वाटेत उभं राहून सगळ्यांना पुलाकडं वळवलं. कोकरं चालेनात तेव्हा घोंगड्यांच्या झोळ्या केल्या, बायकांनी ओच्यात घेतली, बिरुदेवानं तर धोतराच्या सोग्यात दोन घातली. चारला दहा मिनिटं कमी असताना पहिली गार पडली. ती पंचवीस मिनिटं सोलापूर जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात कुणी विसरणार नाही. कचेरीच्या शेडचे सहा पत्रे फाटले आणि ज्या पत्र्याखाली शहाजीरावांनी गाडी घेतली होती तो नेमका त्यांत होता.

पाच वाजता कोंडिबा परतला आणि गुरुशांत तसाच त्याच्या मागं बसून पुलावर गेला. माळ पांढरा झाला होता. रोज कागदावर टाकलेला बर्फाचा थर आज पहिल्यांदा खरा पडला होता, आणि कागदावरच्यापेक्षा चांगला जाड. दोन्ही बोगदे मेंढरांनी गच्च भरले होते, वाफ निघत होती, ओल्या लोकरीचा वास होता. मायाक्का मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं हात वर करून सांगितलं की सगळी हाईत, सव्वीसच्या सव्वीस. गुरुशांतला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. कोंडिबानं मात्र उगाच फटफटीची साखळी बघायला घेतली.

सहाला पोर्टलवर रकाना उघडला: तीव्र इशाऱ्याप्रमाणे जीवितहानी झाली का? बावीस वर्षांची सवय हाताला 'होय'कडे ओढत होती. गुरुशांतनं 'नाही' टिचकवलं. खाली संख्येच्या जागी शून्य लिहिलं, रकाना लाल झाला तरी पुन्हा शून्यच लिहिलं, आणि सहीनिशी पाठवून दिलं.

आठव्या दिवशी कागद आला. त्यात म्हटलं होतं की आपण तीव्र इशारा देऊनही जीवितहानी का झाली नाही, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा इशारा खोटा होता असे गृहीत धरण्यात येईल. गुरुशांतनं दीड पान लिहिलं. गारा, माळ, अकरा कळप, हायवेचा पूल, सगळं जसं घडलं तसं. शहाजीरावांनी वाचून मान हलवली आणि खाली 'सत्य आहे' असं लिहून सही केली. हे त्यांना शोभून दिसलं, आणि त्यांची स्वतःची गाडी फुटली नसती तर त्यांनी तसं केलं असतं का, हा प्रश्न मी विचारत नाही. त्यावर उलट उत्तर आलं ते एका ओळीचं: शीत किनारपट्टीच्या यादीत मेंढरू हा घटक नाही, सबब खुलासा अमान्य. खोट्या इशाऱ्याबद्दल गुरुशांतचा पोर्टलचा अधिकार काढून घेण्यात आला. दुसरं कुणी नेमायचं राहून गेलं आणि तालुक्याचा समुद्र बंद पडला.

शेजारच्या तालुक्यात त्याच दुपारी तोच ढग गेला होता. तिथल्या कारकुनानं पाच वाजता, गारा वितळायच्या आत, बाराचा अंदाज दुरुस्त केला. त्याच्याकडं तीनशे सात मेंढरं मेली. त्या तालुक्याच्या वर्गात मेंढरू बसत होतं, म्हणून हानीचा रकाना भरला, अंदाज जुळला, शंभर टक्के कायम राहिले.

इकडं समुद्र बंद पडल्याच्या चौथ्या दिवशी मायाक्काचा फोन आला. मेसेज येत नाही, पुन्हा पाळी मोडली, काल बिरुदेवावर काठी उगारली गेली, असं ती सांगत होती. आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. गुरुशांतनं तिला सांगितलं की सरकारी ठोका आता वाजणार नाही, पण मी रोज बाराला तुम्हाला फोन करीन, दोन रिंगा देऊन बंद करीन, उचलू नका. तिनं विचार केला आणि हरकत काढली की एकट्या तिच्या फोनवर बाकीचे कसे विश्वास ठेवतील. मग तिनंच तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून तळ्याच्या उतारावर एका सपाट धोंड्यावर, अकराही जणांच्या नजरेसमोर, तिचा मोबाईल ठेवला जाऊ लागला. तो वाजला की बारा, आणि पहिला कळप पाण्याला लागला की मायाक्का दोनचं बटण दाबून गुरुशांतला उलट एक रिंग द्यायची.

एक मेला सोलापुरात सत्कार झाला. बाहेर त्रेचाळीस अंश, आत हिवाळी कामगिरीचा गौरव. सगळ्या तालुक्यांतल्या संबंधितांनी हजर राहावं असा हुकूम होता, म्हणून गुरुशांत शहाजीरावांच्या शेजारी मागच्या रांगेत बसला होता. सत्कारमूर्ती म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या त्या कारकुनाचं नाव पुकारलं गेलं. पाहुण्यांनी त्याच्या हातात काचेचा दीपस्तंभ दिला आणि मुख्यालयातल्या नेमणुकीचं पत्रही दिलं. गुरुशांतला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. त्याला पुन्हा साडेसहाची गाडी आणि ते सतरा थांबे दिसले. सूत्रसंचालिकेनं सगळ्यांना मोबाईल बंद ठेवण्याची पुन्हा एकदा विनंती केली.

भिंतीवरच्या घड्याळात बारा झाले. गुरुशांतनं खिशातून फोन काढला, नंबर लावला, दोन रिंगा मोजल्या आणि बंद केला. शहाजीरावांनी ते बघितलं आणि मनगटावरचं घड्याळ जुळवून घेतलं. समोर फोटोसाठी सगळे हसत उभे होते तेवढ्यात गुरुशांतचा फोन मोठ्यानं वाजला, एकदा, आणि थांबला. सगळं सभागृह मागं वळलं. गुरुशांतनं फोन खिशात घातला. तळ्यावर पहिला कळप पाण्याला लागला होता.